नकाशातले डोंगर उभे करताना: क्यूजीआयएस ते ब्लेंडर, पायरी पायरीने

उंचीचा डेटा उतरवला, ब्लेंडरमध्ये टाकला, रेंडरचे बटण दाबले आणि पडद्यावर आला सपाट राखाडी पाट. किंवा काट्यांचे रान. किंवा भाताच्या खाचरांसारखे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर. मग माणूस ब्लेंडरची एकेक सेटिंग फिरवत बसतो. या कामात घोटाळा दिसतो ब्लेंडरमध्ये, पण तो बहुतेक वेळा त्याच्या तीन-चार पायऱ्या आधीच झालेला असतो. म्हणून खाली क्रमावर भर दिला आहे. प्रत्येक टप्प्यानंतर एक तपासणी आहे. ती जमली नाही तर पुढे जाऊ नका, कारण पुढच्या टप्प्यात तो दोष दुसरेच रूप घेऊन येतो आणि मग ओळखू येत नाही.

हत्यारे दोनच: नकाशांसाठी क्यूजीआयएस आणि त्रिमिती चित्रांसाठी ब्लेंडर. दोन्ही मुक्त स्रोत, दोन्ही फुकट. क्यूजीआयएसच्या पोटात जीडीएएल नावाचा साधनसंच असतो आणि रास्टरची, म्हणजे पिक्सेलांच्या जाळीत साठवलेल्या डेटाची, खरी मेहनत तेच करते. ते वेगळे बसवायची गरज नाही.

## सुरू करण्याआधी

एक कोरा कागद जवळ ठेवा. चेष्टा नाही. ब्लेंडरला अक्षांश-रेखांश कळत नाहीत. त्याच्या दृष्टीने तुमचा डोंगर म्हणजे एक काळेपांढरे चित्र. त्यामुळे क्यूजीआयएसमधून बाहेर पडताना पाच आकडे लिहून घ्यावे लागतात: चित्राची रुंदी आणि उंची पिक्सेलमध्ये, एक पिक्सेल किती मीटरचा, प्रदेशातली सर्वांत कमी उंची आणि सर्वांत जास्त उंची. हे पाच आकडे हाताशी नसतील तर पुढे डोंगराची उंची अंदाजपंचे ठरवावी लागते, आणि तो अंदाज नेहमी दुप्पट-तिप्पट निघतो.

फोल्डरही आधी आखा. मूळ डेटा एका फोल्डरमध्ये, त्याला हात लावायचा नाही. प्रत्येक टप्प्याची फाईल वेगळ्या नावाने: ०१_जोडलेले, ०२_बुजवलेले, ०३_प्रक्षेपित, ०४_कापलेले, ०५_सोळाबिट. क्यूजीआयएस तात्पुरती फाईल बनवायला एका पायावर तयार असते आणि प्रोग्राम बंद केला की ती गेली. म्हणून प्रत्येक वेळी नाव देऊनच जतन करा.

## १. उंचीचा डेटा निवडणे

जगभराचा फुकट मिळणारा डेटा मुख्यतः दोन ठिकाणचा. एक एसआरटीएम: २०००च्या फेब्रुवारीत अंतराळयानातून रडारने घेतलेला, उत्तर अक्षांश ६०पासून दक्षिण अक्षांश ५६पर्यंतचा. दुसरा कोपर्निकस डीईएम (डीईएम म्हणजे उंचीचा रास्टर), ३० मीटरचा, जवळजवळ सगळ्या पृथ्वीचा. नवे काम असेल तर माझा कल कोपर्निकसकडे. एसआरटीएममध्ये उंच डोंगररांगांत रडारच्या सावलीमुळे पडलेली भोके जास्त, आणि कड्यांजवळ तो थोडा ओबडधोबड वाटतो.

दोन्हीत एक गोष्ट सारखी: मोजलेली उंची जमिनीची असेलच असे नाही. दाट झाडी असेल तर झाडांच्या वरच्या थराची, शहर असेल तर इमारतींची. डोंगराळ भागाच्या चित्रात हे खपून जाते. सपाट नदीखोऱ्यात मात्र जंगलाची कडा भिंतीसारखी उभी राहते. तो रेंडरचा दोष नाही.

सावधान: दोन वेगळ्या स्रोतांचे तुकडे एकत्र जोडू नका. एसआरटीएमच्या उंचीचा आधार ईजीएम ९६, कोपर्निकसचा ईजीएम २००८; हे समुद्रसपाटीचे दोन वेगळे नमुने. हा फरक लहान असतो. पण एखादा डेटा थेट लंबगोलापासून, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासून, मोजलेला असेल, तर समुद्रसपाटीच्या उंचीशी त्याचा फरक जागेनुसार उणे शंभराच्या पलीकडून अधिक ८५ मीटरांपर्यंत जाऊ शकतो. मी एकदा कोपऱ्यातले एक भोक दुसऱ्या स्रोताच्या तुकड्याने झाकले होते. चित्रात तिथे सरळ रेषेत धरणाची भिंत उभी राहिली, आणि ती कुठून आली हे शोधण्यात एक संध्याकाळ गेली.

समोच्च रेषांवरून डीईएम बनवण्याचा मोहही टाळा. त्यातून टेकड्यांचे माथे छाटल्यासारखे सपाट होतात आणि प्रत्येक रेषेपाशी पायरी पडते.

## २. तुकडे जोडणे

डेटा एक अंश बाय एक अंशाच्या तुकड्यांत येतो. तुमचा प्रदेश दोन किंवा चार तुकड्यांच्या सांध्यावर येणार हे जवळपास ठरलेलेच. 'रास्टर' मेनूत 'मिसलेनियस' आणि तिथे 'बिल्ड व्हर्च्युअल रास्टर'. हे खरी नवी फाईल न बनवता सगळे तुकडे एकत्र दाखवते, त्यामुळे झटपट होते.

इथे एक खूण आधीपासून केलेली असते: प्रत्येक फाईल वेगळ्या बँडमध्ये (रास्टरच्या वेगळ्या थरात) ठेवा, अशा अर्थाची. ती काढा. राहिली तर चार तुकड्यांचा चार बँडचा रंगीबेरंगी रास्टर तयार होतो आणि पुढची सगळी साधने फक्त पहिला बँड वापरतात. चारातला एकच तुकडा का दिसतो, या प्रश्नाचे उत्तर दहातल्या नऊ वेळा हे असते.

तपासा: जोडलेल्या लेयरवर 'हिलशेड' (उजेड-सावलीचे चित्र) लावून सांधे मोठे करून बघा. सांध्यावर रेघ दिसता कामा नये. लेयरच्या माहितीत बँड एकच असावा.

## ३. भोके बुजवणे

जिथे मोजमाप मिळाले नाही तिथे डेटात खरी उंची नसते, एक खुणेचा आकडा असतो. एसआरटीएममध्ये तो उणे ३२७६८. फाईलमध्ये हा आकडा 'नो डेटा' म्हणून नोंदवलेला असेल तर क्यूजीआयएस ती जागा पारदर्शक दाखवते. नोंदवलेला नसेल तर तिथे बत्तीस किलोमीटर खोल विहीर आहे असे सॉफ्टवेअर समजते.

त्यासाठी 'रास्टर', 'अॅनालिसिस', 'फिल नोडेटा'. किती पिक्सेल लांबपर्यंत शोधायचे याचा आकडा मूळ सेटिंगमध्ये १० असतो. त्याने लहान भोके बुजतात. मोठे भोक असेल तर आकडा वाढवता येतो, पण शंभर पिक्सेलचे भोक बुजवले तर तिथे डोंगर येत नाही, ताणलेल्या चादरीसारखा गुळगुळीत उतार येतो. अशा वेळी संपूर्ण प्रदेशच दुसऱ्या स्रोतातून घ्यावा.

हा टप्पा प्रक्षेपणाच्या, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत बदलण्याच्या, आधीच का? प्रक्षेपण बदलताना शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घेतली जाते. नोंद नसलेला उणे ३२७६८ त्या सरासरीत मिसळला की भोकाच्या काठाने उणे चार हजार, उणे अकरा हजार असे चित्रविचित्र आकडे तयार होतात. मग ते 'नो डेटा' म्हणून ओळखता येत नाहीत आणि बुजवताही येत नाहीत.

तपासा: प्रोसेसिंग टूलबॉक्समधून 'रास्टर लेयर स्टॅटिस्टिक्स' चालवा. किमान आणि कमाल उंची त्या प्रदेशाला शोभणारी हवी. लेयरच्या रंगसंगतीत दिसणाऱ्या किमान-कमाल आकड्यांवर विसंबू नका. ते बहुधा अंदाजाने किंवा टोकाचे पिक्सेल वगळून काढलेले असतात.

## ४. प्रक्षेपण बदलणे

सर्वांत जास्त लोक इथेच घसरतात, कारण चूक डोळ्यांना लगेच दिसत नाही.

उतरवलेला डेटा अंशांत असतो, म्हणजे ईपीएसजी ४३२६ (ईपीएसजी हा प्रक्षेपणांचा सांकेतिक क्रमांक). एसआरटीएममध्ये एक पिक्सेल म्हणजे एक सेकंद अक्षांश आणि एक सेकंद रेखांश. अक्षांशाचा एक सेकंद सगळीकडे साधारण ३१ मीटर. रेखांशाचा एक सेकंद विषुववृत्तावर तेवढाच, पण ४५ अंशांवर सुमारे २२ मीटर आणि ६० अंशांवर साडेपंधरा. ब्लेंडरला हे ठाऊक नाही, त्याला सगळे पिक्सेल चौरस. म्हणून अंशांतले चित्र तसेच दिले तर ४५ अंशांवरचा प्रदेश पूर्व-पश्चिम जवळपास दीडपट फुगतो आणि ६० अंशांवरचा दुप्पट. विषुववृत्ताजवळ काम करणाऱ्याला हा दोष वर्षानुवर्षे कळत नाही.

दुसरी चूक जास्त लबाड आहे. 'अंश नकोत, मीटर हवेत' एवढे ऐकून लोक ईपीएसजी ३८५७ घेतात, कारण वेबवरचे सगळे नकाशे त्यातच असतात. आकार त्यात बरोबर दिसतात. पण त्याचे मीटर खरे मीटर नव्हेत. ६० अंशांवर तिथला एक किलोमीटर दोन किलोमीटर म्हणून मोजला जातो. जमीन दुप्पट झाली, उंची तेवढीच राहिली, म्हणजे डोंगर निम्मे बुटके झाले.

यूटीएम घ्या, म्हणजे पृथ्वीचे रेखांशानुसार पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणारे प्रक्षेपण. पट्टा काढायची रीत सोपी: पूर्व रेखांशात १८० मिळवा, ६ने भागा, पूर्णांक घ्या, त्यात १ मिळवा. ७५ पूर्वसाठी २५५ भागिले ६ म्हणजे ४२.५, त्यातले ४२ अधिक १, पट्टा ४३. उत्तर गोलार्धात ३२६च्या पुढे पट्ट्याचा क्रमांक, म्हणजे ईपीएसजी ३२६४३. दक्षिणेला ३२६च्या जागी ३२७. पश्चिम रेखांश उणे धरून हीच रीत चालते. प्रदेश दोन पट्ट्यांत पसरला असेल तर ज्यात जास्त भाग आहे तो एकच पट्टा सगळ्याला लावा.

'रास्टर', 'प्रोजेक्शन्स', 'वॉर्प'. तिथे तीन गोष्टी भरा:

- लक्ष्य प्रक्षेपण: तुमचा यूटीएम पट्टा.
- रिसॅम्पलिंग: 'क्युबिक' किंवा 'बायलिनिअर'. मूळ सेटिंग 'निअरेस्ट नेबर' असते आणि ती इथे घातक आहे. तिच्यामुळे ठरावीक अंतराने एखादी ओळ दोनदा येते किंवा गळते, आणि रेंडरमध्ये डोंगरावर कापडाच्या विणीसारख्या बारीक रेघा उमटतात.
- पिक्सेलचा आकार: ३०. कोरा सोडला तर २९.४७ वगैरे काहीतरी येते आणि कागदावरचे सगळे हिशेब किचकट होतात.

पिक्सेल १० मीटरचा केला तर तपशील वाढेल ही आशा सोडा. ३० मीटरच्या डेटात जो ओढा मोजलाच गेला नाही तो ताणून येत नाही, फक्त फाईल नऊपट होते. उलट खूप मोठा प्रदेश असेल तर पिक्सेल मोठा करणेच शहाणपणाचे. वीस हजार बाय वीस हजार पिक्सेलचे चित्र ब्लेंडरने पिक्सेलमागे चार बाइट धरून उघडले तरी १.६ गिगाबाइट मेमरी खाते.

तपासा: पुन्हा हिलशेड लावा आणि एखाद्या सपाट उतारावर मोठे करून बघा. रेघा दिसल्या तर वॉर्प पुन्हा करा. रेघांवर नंतर धूसरपणा मारून त्या झाकणे म्हणजे भिंतीच्या ओलीवर रंग देणे.

## ५. कापणे

प्रक्षेपण बदलल्यावर आयत किंचित तिरका होतो आणि कडेला काळ्या पाचरी राहतात. आधी कापून मग प्रक्षेपण बदलणाऱ्यांच्या चित्राला या पाचरी हमखास असतात. म्हणून क्रम असा: ऐसपैस प्रदेश घ्या, प्रक्षेपण बदला, मग 'रास्टर', 'एक्स्ट्रॅक्शन', 'क्लिप रास्टर बाय एक्स्टेंट'ने आतला स्वच्छ आयत काढा.

अंतिम चित्रात हवा त्याहून चारही बाजूंनी पाच टक्के जास्त ठेवा. चित्राच्या लगेच बाहेर मोठा डोंगर असेल तर त्याची सावली आत पडायला हवी. तो कापून टाकला तर वायव्येची कड विनाकारण उजळ दिसते.

लिहून घ्या: समजा १२०० बाय ९०० पिक्सेल, पिक्सेल ३० मीटरचा, म्हणजे प्रदेश ३६ बाय २७ किलोमीटर. किमान ४१२ मीटर, कमाल १४३८. पुढची सगळी उदाहरणे याच आकड्यांवर.

## ६. सोळा बिटांत ताणणे

आता उंची राखाडी छटांत बदलायची. आठ बिटांच्या चित्रात छटा २५६. आपल्याकडे चढउतार १०२६ मीटरांचा, म्हणजे एक छटा सुमारे चार मीटरांची. पन्नास मीटर चालल्यावर एक मीटर चढणारा सौम्य उतार घ्या: त्यावर दोनशे मीटर सगळे एकाच छटेत, मग एकदम चार मीटरांची उडी. दोनशे मीटर म्हणजे जवळपास सात पिक्सेल रुंद पायरी. खाचरे इथून येतात. सोळा बिटांत छटा ६५५३६, एक छटा दीड सेंटीमीटरची. प्रश्नच मिटला.

'रास्टर कॅल्क्युलेटर'मध्ये हे सूत्र लिहा: (उंची − ४१२) ÷ १०२६ × ६५५३५. 'उंची'च्या जागी तुमच्या लेयरचे नाव. आलेला रास्टर 'रास्टर', 'कन्व्हर्जन', 'ट्रान्सलेट'मधून 'यूइंट १६' प्रकारात टिफ म्हणून जतन करा. दाबणी (कॉम्प्रेशन) लावू नका.

शेजारशेजारचे दोन-तीन प्रदेश वेगवेगळे रेंडर करून जोडायचे असतील तर सगळ्यांना एकच किमान आणि एकच कमाल वापरा, उदाहरणार्थ ० आणि २०००. प्रत्येकाला त्याचा स्वतःचा ताण दिला तर सांध्यावर उंची कधीच जुळणार नाही.

सावधान: लेयरवर उजवी टिचकी मारून 'एक्स्पोर्ट' करताना 'रेंडर्ड इमेज' निवडू नका. त्याने पडद्यावर दिसते ते आठ बिटांचे रंगीत चित्र जतन होते. डोळ्यांना ते अगदी बरोबर वाटते, आणि पायऱ्या त्यातच असतात.

तपासा: नव्या फाईलची स्टॅटिस्टिक्स किमान ० आणि कमाल ६५५३५ दाखवतात का? हे आकडे बरोबर असूनही जमिनीचे सगळे पिक्सेल साठ हजारांच्या वर असतील आणि चित्र एकसारखे पांढरट असेल, तर सूत्रात किंवा डेटात कुठेतरी उणे ३२७६८ शिल्लक आहे. तिसऱ्या टप्प्यावर परत जा.

## ७. ब्लेंडरमध्ये पट मांडणे

नव्या फाईलमधला ठोकळा उडवा, 'प्लेन' आणा. आकार ३.६ बाय २.७ द्या, म्हणजे ब्लेंडरचा एक एकक म्हणजे दहा किलोमीटर. खरे मीटर देऊ नका. कॅमेरा मूळ सेटिंगमध्ये ठरावीक अंतरापलीकडचे दाखवत नाही, त्यामुळे ३६००० मीटरचा पट गायब होतो आणि माणूस तासभर रिकाम्या पडद्याकडे बघत बसतो.

आकार दिल्यावर कंट्रोल आणि ए दाबून 'स्केल' लागू करा. हे राहिले तर पुढे उंचीचा आकडा आपल्या हिशेबाप्रमाणे लागेल याची खात्री नाही.

पटाला बिंदू हवेत. चार कोपऱ्यांच्या पटावर डोंगर उगवत नाही. 'सबडिव्हिजन सरफेस' मॉडिफायर लावा आणि आधी 'कॅटमुल-क्लार्क'वरून 'सिंपल'वर न्या, नाहीतर आयताचे कोपरे झिजून तबकडी होते. प्रत्येक पातळीला बाजूचे तुकडे दुप्पट होतात: पातळी १० म्हणजे बाजूला १०२४, पातळी ११ म्हणजे २०४८. आपले चित्र १२०० पिक्सेलचे, म्हणून रेंडरसाठी ११. स्लायडर ६वर थांबतो, आकडा टाईप करावा लागतो. पडद्यासाठीची पातळी मात्र ६-७च ठेवा. ११ म्हणजे बेचाळीस लाख चौकोन, ते सतत फिरवत बसाल तर संगणक धापा टाकेल.

याला पर्याय ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनातले 'अॅडॅप्टिव्ह सबडिव्हिजन'. ते कॅमेऱ्याला दिसेल तेवढेच बारीक तुकडे करते. जुन्या आवृत्त्यांत त्यासाठी 'फीचर सेट' एक्स्पेरिमेंटल करावा लागतो. पहिल्या प्रयत्नाला साधी पद्धतच घ्या, चुका शोधायला सोपी पडते.

## ८. उंची देणे

रेंडर इंजिन 'सायकल्स' करा. पटाला नवे मटेरियल द्या आणि शेडरमध्ये ही साखळी जोडा: 'इमेज टेक्श्चर'चा रंग 'डिस्प्लेसमेंट' नोडच्या 'हाइट'ला, आणि त्या नोडचे टोक 'मटेरियल आउटपुट'च्या 'डिस्प्लेसमेंट'ला. जोडणी सोपी आहे. जीव जातो तो पुढच्या पाच सेटिंगमध्ये.

कलर स्पेस: 'एसआरजीबी'वरून 'नॉन-कलर'. हे विसरले तर ब्लेंडर उंचीला रंग समजून तिच्यावर गॅमा चढवते. बरोबर मध्यावरची उंची, म्हणजे ०.५, तिथे ०.२१ होते. परिणाम बघा: दऱ्या रुंद आणि सपाट, शिखरे सुईसारखी. चित्र देखणे दिसते, आणि म्हणूनच पकडले जात नाही. माझे पहिले तीन-चार नकाशे असेच होते आणि मी ते कौतुकाने लोकांना दाखवले होते.

इंटरपोलेशन: 'लिनिअर'वरून 'क्युबिक'. जवळून पाहिल्यावर दिसणारे पैलू मावळतात.

एक्स्टेन्शन: 'रिपीट'वरून 'एक्स्टेंड'. 'रिपीट'मध्ये डाव्या काठाचा पिक्सेल उजव्या काठाशी मिसळतो आणि पटाच्या कडेने पडद्यासारखी पातळ भिंत उठते.

मिडलेव्हल: ०.५वरून ०. नाहीतर निम्मा प्रदेश पटाच्या खाली बुडतो.

मटेरियलच्या सेटिंगमधला 'डिस्प्लेसमेंट' पर्याय: 'बंप ओन्ली'वरून 'डिस्प्लेसमेंट अँड बंप'. 'बंप ओन्ली'मध्ये पट सपाटच राहतो, फक्त छायेचा भास होतो. सुरुवातीला सांगितलेला सपाट पाट आला तर पहिल्यांदा हे बघा.

आता 'स्केल'. इथे कागद काढा. चढउतार १०२६ मीटर, एक एकक १०००० मीटर, म्हणून खरी उंची ०.१०२६. एवढेच दिले तर डोंगर निराश करतील. माणसाला डोंगर खालून बघायची सवय, वरून बघितले की सगळी पृथ्वी चपटीच दिसते. म्हणून थोडी अतिशयोक्ती चालते: दीडपटीला ०.१५४, दुपटीला ०.२०५. चांगला चढउतार असलेल्या प्रदेशात मी दुपटीपुढे जात नाही. लांबरुंद पठारावर तिप्पट-चौपटही करावी लागते. कितीही करा, पण ती ठरवून करा आणि चित्राखाली लिहा. स्लायडर ओढत 'छान दिसेपर्यंत' वाढवलेली उंची सातपट निघते.

तपासा: कॅमेरा बाजूने लावून एक लहान रेंडर घ्या. सर्वांत खालचा भाग शून्यावर आणि शिखर तुमच्या स्केलच्या आकड्यावर टेकायला हवे.

## ९. कॅमेरा आणि उजेड

नकाशासाठी कॅमेरा बरोबर डोक्यावर: फिरवण तिन्ही अक्षांत शून्य, उंची ५ वगैरे. प्रकार 'ऑर्थोग्राफिक', त्याचा स्केल ३.६, रेंडरचे माप ३६०० बाय २७००. पर्स्पेक्टिव्ह कॅमेरा ठेवला तर कडेची शिखरे बाहेर झुकतात आणि वर नद्या-रस्ते टाकले की ते दरीऐवजी उतारावरून जाताना दिसतात. तिरके निसर्गदृश्य हवे असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पर्स्पेक्टिव्हच हवा.

उजेडाला 'सन' घ्या. फिरवण एक्स ०, वाय ४५, झेड १३५. याने उजेड वायव्येकडून, ४५ अंशांवरून येतो. उत्तर गोलार्धाच्या बहुतेक भागात दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो हे खरे, पण दक्षिणेकडून उजेड दिला की बघणाऱ्याच्या मेंदूत उलटापालट होते आणि दऱ्या डोंगर वाटू लागतात. वरून-डावीकडून येणारा उजेड मेंदू निमूट स्वीकारतो. मुख्य डोंगररांग वायव्य-आग्नेय असेल तर मात्र उजेड तिच्या अंगावरून समांतर जातो आणि रांग विरघळते. तेव्हा झेड वीस-तीस अंशांनी हलवा.

सूर्याचा 'अँगल' मूळचा अर्ध्या अंशाचा, त्याने सावल्यांच्या कडा सुरीसारख्या येतात. पाच ते दहा अंश केला की मऊ होतात. 'स्ट्रेंग्थ' ३पासून सुरू करा. मटेरियलमध्ये 'प्रिन्सिपल्ड'ऐवजी साधा 'डिफ्यूज' शेडर लावा, नाहीतर डोंगर प्लॅस्टिकसारखे चकाकतात. 'कलर मॅनेजमेंट'मध्ये 'व्ह्यू ट्रान्सफॉर्म' 'स्टँडर्ड' करा. नव्या आवृत्त्यांत ते 'एजीएक्स' असते आणि नकाशाचे ठरवलेले रंग मवाळ करून टाकते.

डीनॉइझर जपून. शंभर सॅम्पल्सवर तो चित्रातला गोंगाट (दाणेदारपणा) छान पुसतो, पण बारीक ओढेही पुसतो. आधी सॅम्पल्स वाढवा, डीनॉइझर शेवटी.

## १०. वर चित्र पांघरणे

उपग्रहचित्र किंवा रंगीत नकाशा डोंगरावर चढवायचा असेल तर अट एकच: उंचीच्या फाईलचेच प्रक्षेपण आणि तिचाच आयत. पिक्सेलसंख्या वेगळी चालते, सीमा वेगळी चालत नाही. क्लिप करताना 'एक्स्टेंट' म्हणून उंचीचाच लेयर निवडा, म्हणजे हाताने आकडे टाकायला नकोत. हे चित्र शेडरच्या रंगाला जोडा आणि त्याची कलर स्पेस 'एसआरजीबी'च राहू द्या.

एक अडचण अनेकांच्या लक्षातच येत नाही. उपग्रहचित्रात सावल्या आधीच असतात. सेंटिनेल-२ हा उपग्रह स्थानिक वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारास वरून जातो. उत्तर गोलार्धाच्या मध्य अक्षांशांत तेव्हा सूर्य आग्नेयेकडे असतो, त्यामुळे चित्रातल्या सावल्या वायव्य उतारांवर पडतात, आणि नेमक्या त्याच उतारांवर आपण उजेड टाकत असतो. दोन्ही एकमेकांना मारतात आणि चित्र गढूळ होते. अशा वेळी एक तर सूर्य चित्रातल्या सूर्याच्या दिशेला न्या, नाहीतर सूर्य मंद करून सगळीकडून येणारा सौम्य उजेड वाढवा. मला तरी उपग्रहचित्रापेक्षा उंचीनुसार रंगवलेला साधा थर जास्त आवडतो. त्यात सावली एकच, आपण पाडलेली.

ओपनस्ट्रीटमॅपचे रस्ते किंवा नद्या टाकल्या तर त्यांचा श्रेयनिर्देश चित्रावर द्यावा लागतो. कोपर्निकसच्या डेटालाही तशीच अट आहे.

## ११. रेंडर परत नकाशावर बसवणे

डोक्यावरून घेतलेले रेंडर पुन्हा क्यूजीआयएसमध्ये आणून त्यावर नावे आणि रेषा टाकणे सर्वांत सोयीचे. ब्लेंडरमध्ये अक्षरे लिहीत बसू नका.

रेंडर टिफमध्ये जतन करा. त्याच्या शेजारी, त्याच नावाची, टीएफडब्ल्यू शेपटीची साधी मजकूर फाईल बनवा. तिच्यात सहा ओळी: पिक्सेलची रुंदी, शून्य, शून्य, पिक्सेलची उंची उणे चिन्हासह, डाव्या वरच्या पिक्सेलच्या मध्याचा पूर्व निर्देशांक, त्याच पिक्सेलचा उत्तर निर्देशांक. आपले रेंडर ३६०० पिक्सेलचे आणि प्रदेश ३६ किलोमीटरचा, म्हणून पहिली ओळ १० आणि चौथी उणे १०. डाव्या वरच्या कोपऱ्याचे आकडे उंचीच्या लेयरच्या माहितीत मिळतात. मध्य हवा असल्यामुळे पूर्वेत ५ मिळवा, उत्तरेतून ५ वजा करा. फाईलमध्ये आकडे इंग्रजी अंकांत (0 ते 9) लिहा आणि लेयर उघडल्यावर प्रक्षेपण म्हणून तोच यूटीएम पट्टा द्या.

पाच टक्के जादा कड कॅमेऱ्याच्या चौकटीतच कापली असेल तर कोपरा बदलतो. त्यापेक्षा पूर्ण पट रेंडर करा आणि कड क्यूजीआयएसमध्ये कापा.

तपासा: रेंडरच्या वर मूळ डीईएमपासून काढलेल्या समोच्च रेषा टाका आणि एखादे शिखर मोठे करून बघा. सर्वांत आतले कडे उजेड-सावलीच्या धारेवर बसले पाहिजे. सगळीकडे सारखेच एका बाजूला सरकलेले दिसले तर कोपऱ्याचा आकडा चुकला आहे. मध्यभागी जुळते पण कडेला सरकते असे असेल तर कॅमेऱ्याचा स्केल ३.६ नाही किंवा तो अजून पर्स्पेक्टिव्हवरच आहे.